पंचावन्न किलोचं रबर

३ मे, रवि.
कारंज्याची मंडळी आमच्या केतकीला पाहून गेली. ती आत चहा टाकत होती तेव्हा तिच्या मोबाइलवर स्केटबोर्डच्या दुकानातून फोन आला, मी घेतला. बोर्डाखालची रबरं झिजली म्हणून तिने नवी मागवलीत. बुशिंग म्हणते ती. किती टणक पाठवायची ते चालवणाऱ्याच्या वजनावर ठरतं. वजन विचारलं. समोर मुलाची आई. तिला नुकतंच पंचावन्न सांगून झालेलं. दुकानदारालाही पंचावन्न. खरं बहात्तर.
मंडळी गेल्यावर परत फोन करता आला असता. कपबश्या विसळल्या.

९ मे, शनि.
पार्सल आलं. के.ने रबरं बसवली, नट आवळले, बाजार समितीच्या रिकाम्या ओट्यावर जाऊन आली. बोर्ड डुलतो म्हणे. नवी रबरं आधी ताठ असतात, वापरून मोकळी होतात. ही आत्ताच दबतात.
“बसतील हळूहळू,” मी म्हटलं. जसं काही मला कळतं.

११ मे
आज पुन्हा डुलला. हे ओट्यापर्यंत पाहायला गेलेले. “तुहा बोर्ड पिऊन आला काय वं?” ती हसली. मी यांनाच रागावले.

१३ मे
पडली. वळताना चाक फळीला घासून अडकलं, बोर्ड जागीच थांबला, ही पुढे. कोपर सोललं, मनगट सुजलं. हाड शाबूत.
हळद लावत होते तर म्हणाली, “रबराचा दोष नाही आई. मीच जड झाली. रात्री माही भाकर नको टाकू.”
तेव्हाच सांगायचं होतं. मी पीठ कमी मळलं.

१४ मे
सकाळीही जेवली नाही. बोर्ड माळ्यावर टाकायला निघाली. दारातच सांगून टाकलं. इतकी वर्षं शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरींना बाकावर उभं केलं, आज माझी पाळी.
“माह्या वजनाची इतकी लाज वाटते तुले?”
मी तिच्या हातातला बोर्ड घेऊन भिंतीला टेकवला.
तिने अंगणात जाऊन दुकानाला फोन लावला. बहात्तर, दोनदा, शेजारी ऐकू जाईल असं.

१९ मे, मंगळ.
कडक रबरं आली. अजून ताठ आहेत, वळायला जोर लागतो, पण बोर्ड डुलत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते.
दुपारी कारंज्याहून फोन. मुलगी पसंत. के. समोरच होती.
“त्याइले काय सांगितलं होतं तू?”
सांगितलं.
“उद्या फोन कर. मी बाजूले बसतो.”
काय बोलायचं ते जुळवून पाहते आहे. दर वेळी सुरुवात ‘तशी दिसत नाही, पण’ अशीच होते.