दहा मिनिटांत मोकळी

ती. ताईस,

नमस्कार तर आहेच, पण आधी सांगते, मी बरी आहे.

साथीच्या भीतीने मी शुगरमुळे दर महिन्याला घ्यावं लागणारं डोळ्यातलं इंजेक्शन दोनदा चुकवलं. तुला कळवलं नाही, रागावू नकोस. मग दाराची चौकट वाकडी दिसायला लागली आणि लेकाच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.

शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंचाच फोन आला. "आजी, आता ताटकळायचं नाही, सगळ्या तपासण्याही नाहीत. गाडीतच बसा, बोलावलं की या, दहा मिनिटांत मोकळ्या."

तसंच झालं. सुईच्या वेळी त्यांनी माझा हात धरला. लेक बाहेर कामाला जातो म्हणून घरातही लांबूनच बोलतो. हातमोज्यातून का होईना, दोन महिन्यांनी कुणीतरी हात धरला गं.

परतताना डोळ्यात काळे बुडबुडे तरंगत होते. जणू मी पाण्याखालून रस्ता बघत होते. दोन दिवसांत ते विरले.

गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणतात. तुझी शुगर कशी आहे? डोळे दाखवलेस का?

आज सकाळी लेकाने दारातूनच विचारलं, "आई, बरं वाटतंय ना?"

मी म्हटलं, "आधी ती दाढी कर."

तो हसला आणि तिथेच उभ्या उभ्या डोळे पुसायला लागला.

तुझी,
धाकटी