तांदळातलं नाव

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

म्हणे सायली नावाची सूनच नाही!

माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, पहाटे शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीची बस गाठते, माझ्या फ्रिजमध्ये स्वतःचं दही ठेवते – ती नाहीच! नवरा ऋतुराज मागच्या वर्षी अपघातात गेला. देवगाव रंगारीला त्याच्या नावावर जमीन. मूलबाळ नाही. वारस दोघी – विधवा आणि आई. कायदा इतका सरळ, की शाळेतल्या पोरीलाही कळावा. पण सायलीनं वारस म्हणून नाव लावायला अर्ज दिला आणि दीर अतुलनं तलाठ्याकडे हरकत घेतली : ‘माझ्या भावाची बायको राजनंदिनी. ती गेली निघून. ही सायली कोण, आम्हाला ठाऊक नाही.’

राजनंदिनी! लग्नात सासूनंच सुचवलेलं नाव. ऋतुराजला शोभेल म्हणून. ताटात तांदूळ पसरले, त्यानं अंगठीनं त्यात लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. गावात सगळे तीच हाक मारतात. आधारकार्डावर, कंपनीत, बँकेत मात्र सायली. म्हणजे आधी हौसेनं पोरीचं नाव पुसायचं, आणि मग म्हणायचं, या नावाची बाई आमच्याकडे आलीच नाही!

रागाच्या भरात चहा उतू गेला.

५ फेब्रुवारी

लग्नाची पत्रिका मिळाली. ‘चि. सौ. कां. सायली’ – ठसठशीत. अतुलला फोन लावला.

‘पत्रिका काय मॅडम, कुनी बी छापतंय.’

आणि लग्नातले फोटो?

‘फोटूत ती राजनंदिनी हाय. खाली सायली लिव्हलंय का?’

लग्नाची नोंदणी केलेली नाही. गावातलं कुणी साक्षीला येणार नाही, भावकीचा धाक. माणसाला डोकं आहे. फक्त लाज ठेवायला त्यात जागा उरलेली नाही.

सायली रडली नाही. म्हणाली, ‘काकू, शेत नाय मिळालं तरी चालंल. पर मी त्यांची बायकोच नव्हते म्हनतेत, त्याचं काय करू?’

म्हटलं, दोन्ही मिळवायचं. ‘चालंल’ हा शब्द या घरात चालणार नाही!

६ फेब्रुवारी

सुदर्शनचा पुण्याहून फोन. ‘आई, तू रिटायर झालीस ना गं?’ म्हटलं, बँकेतून झाले. जीभ अजून नोकरीत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

एसटीनं देवगावला. सायलीला नेलं नाही, उगाच तमाशा नको.

सासू आवडाबाई ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या. अतुल बाजाराला गेलेला – बरंच झालं. मी सुरू केलं. विधवेचा हक्क, आईचा हक्क, दोघींचा सारखा वाटा. भावाला यात काही नाही, तुमची सही घेऊन तो सगळं स्वतःच्या नावावर करणार! हातवारे करून बोलले. कॉन्व्हेंटच्या वर्गात सिस्टर उभं करायच्या तेव्हा बोलायचे, तशी.

त्यांचं सूप थांबलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘पोरगी जेवती का टायमावर?’

‘जेवते. तुम्ही साक्ष द्याल का?’

‘मला अतुलच नेनार हाय साक्षीला. त्याच्याकडून.’

संपलं! मी उठले. तेव्हा मान वर केली त्यांनी. ‘बाई, तुमचं नाव काय?’

‘सुलभा.’

‘ते नवऱ्यानं ठिवलेलं आसंल. आईनं ठिवलेलं इचारते मी.’

एवढी बडबडी मी – पिशवी उचलली! एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. पळालेच.

रात्री

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रोज विचारायच्या, नाव काय तुझं? नुसतं नाव सांगितलं की परत उभं करायच्या. उत्तर पूर्ण वाक्यात! लग्नाआधी मी पूर्ण वाक्यात उत्तर देत होते. मग ह्यांनी तांदळात ‘सुलभा’ लिहिलं. अक्षर सुंदर होतं. मी लाजलेसुद्धा. जुनं नाव इथं लिहावंसं वाटलं. हात धजला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सुनावणी! सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

मंडळ अधिकारी तरुण, चष्मेवाला. अतुल पांढऱ्या कपड्यांत, जीपमधून आईला घेऊन आलेला. आमच्याकडून सायली, मी आणि ती पत्रिका. आवडाबाईंनी आमच्याकडे पाहिलंही नाही. मनात म्हटलं, गेलं.

साहेबांनी विचारलं, ‘आजी, नाव सांगा.’

‘कोन्तं सांगू?’

‘म्हणजे?’

‘आईनं ठिवलं गोजर. हितं नांदाया आले, सासऱ्यानं आवडा केलं. तुमच्या कागदावर आवडाबाई हाय. मंग गोजर कुठं गेली, सायेब? मेली का?’

अतुल म्हणाला, ‘आई, इचारलं तेवढंच सांग.’

‘तू गप ऱ्हा!’ मग साहेबांकडे वळून : ‘दोन नावं हायती म्हून ही पोरगी खोटी, तर मी बी खोटी. आन् मी खोटी, तर ह्यो कुनाच्या पोटचा, त्याला इचारा!’

दारातला शिपाईसुद्धा हसला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, हसू लपवायला. अतुलचा चेहरा कांजी केलेल्या शर्टासारखा ताठ.

‘ही कोण आहे, आजी?’

आवडाबाई सायलीजवळ गेल्या. डोक्यावर हात ठेवला. ‘माझ्या ऋतुराजची बायकू. सायली. राजनंदिनी म्याच केलं हिला. लई हौस होती मला. आता लिव्हा, हिच्या आईनं ठिवलेलं लिव्हा. आन् निम्मं रान हिचं, ते बी लिव्हा.’

सायली तेव्हा रडली. तीन जिल्ह्यांना ऐकू जाईल अशी.

मी? मी बाहेर येऊन अतुलच्या जीपशेजारी उभी राहून टाळ्या वाजवल्या! एकटीनं. लोक बघत होते. बघू देत!

आणि त्या बाईला मी ओट्यावर बसून कायदा शिकवत होते!

१८ फेब्रुवारी

घसा बसला आहे. सगळ्या कॉलनीला गोष्ट सांगून.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नोंद मंजूर! ‘सायली ऋतुराज’ आणि ‘आवडाबाई’ – दोघी एकीखाली एक. अतुलचं नाव कुठंही नाही. मी कागद उलटा करूनही पाहिला!

सायलीनं पुरणपोळ्या केल्या. म्हणाली, सासूबाई पाडव्याला इथं राहायला येणार. अतुलशी बोलणं बंद आहे, पण तूर त्यालाच पोत्यात भरायला लावली.

२ मार्च, रविवार

दुपारी अनोळखी नंबर.

‘हालो, मी गोजर बोलते. तुमी कोन?’

उभी राहिले. पूर्ण वाक्यात उत्तर दिलं –

‘माझं नाव इंदुमती आहे.’