सिंकखालची फर्स्ट शिफ्ट

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द रीत म्हणून घातलेला नाही. हल्ली मी स्वयंपाकघराच्या फरशीवर आठही अंगं टेकूनच असते, तेव्हा त्यातच तुमचा नमस्कारही उरकून घेतला.) तुमची कंबर आता कशी आहे? मलम चोळता ना नेमाने, की पाहुणे आल्यावर दाखवायला कपाटात ठेवलंय? आमच्या सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, म्हणजे मानेखालच्या. मानेवरचं काय झालंय ते पुढे येतंच आहे.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतंत की बाबा खुर्चीतून उठतात का आणि दोन शब्द बोलतात का. खरं सांगायचं तर आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, त्या दिवशी त्यांनी गॅलरीतली खुर्ची धरली ती धरलीच. जेवायला हाक मारली की ‘हं’, जेवून झालं की ‘हं’. आमची चिमणी शाळेतली सगळी गाऱ्हाणी त्यांच्यापुढे ओतायची, तरी उत्तर तेच. तुमचे बंधू बाथरूममध्ये नळ सोडून रडून यायचे आणि डोळ्यांत साबण गेला म्हणून सांगायचे. (इतका साबण यांच्या डोळ्यांत जातो, तर मान एवढी काळी कशी राहते, हे मी विचारलं नाही.) मलाही आतून भीती वाटायची की हा माणूस आता असाच बसल्या बसल्या विझून जाणार. म्हणून मी देवाला म्हटलं, बाबांना त्या खुर्चीतून उठव. वन्सं, देवाकडे काही मागायचं तर तपशीलवार मागावं. देवाने त्यांना खुर्चीतून उठवलं आणि माझ्या सिंकखाली नेऊन झोपवलं.

आमच्या सिंकखाली ते कचरा दळायचं यंत्र आहे ना, ज्याला आम्ही घरात ‘गिरणी’ म्हणतो? तुम्ही आला होतात तेव्हा मी बटण दाबल्याबरोबर तुम्ही किंचाळून भिंतीला चिकटला होतात, तेच. तुमच्या बंधूंनी हौसेने आणलं. सालं, देठं, ताटातलं उरलंसुरलं सगळं भोकात ढकलायचं, बटण दाबायचं, की घरात कचरा म्हणून राहात नाही, असं ते दुकानदाराच्याच आवाजात सगळ्यांना सांगत फिरायचे. तर ती गिरणी गळायला लागली. आधी खालच्या कपाटातला कागद ओला लागला, मग फळी फुगली, आणि एक दिवस फडकी ठेवायचा डबा उघडते तर आत तळं. मी खाली पातेलं लावलं आणि शहाण्या माणसासारखा प्लंबर बोलावला. त्याने कानाचा फोन न काढता आत डोकं घातलं, कुणाला तरी ‘निघालोच’ म्हणून सांगितलं आणि मला म्हणाला, बदलून टाका, जुनी झालीये. तेवढ्यात गॅलरीतली खुर्ची करकरली. आम्ही सगळ्यांनीच चमकून पाहिलं. बाबा दारात येऊन उभे होते आणि विचारत होते, “निदान काय?” प्लंबर म्हणाला, “काका, जुनी झालीये.” बाबा म्हणाले, “जुनं होणं हे निदान नाही.” आणि त्याला चहा पाजून बाहेरचा रस्ता दाखवला. तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी बाबांच्या चहात एकाऐवजी दोन चमचे साखर घातली. तो आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही.

बाबांनी जन्मभर कागदाच्या गिरणीत यंत्रांच्या देखभालीचं काम केलं हे तुम्हाला मी काय सांगणार? तिथला त्यांचा नियम म्हणे असा होता की बिघाडाचं मूळ कारण सापडेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. तोवर यंत्र चालू ठेवायचं आणि बघत बसायचं. तिकडे बघायला शंभर माणसं होती. इथे आम्ही तिघं! तर आता आमच्याकडे शिफ्ट लागल्या आहेत. सकाळी फर्स्ट शिफ्ट माझी, दुपारी शाळेतून आल्यावर चिमणीची, आणि संध्याकाळी तुमचे बंधू विम्याच्या ऑफिसातून येऊन बूट काढतात, टॉर्च घेतात आणि पोटावर आडवे होतात. शिफ्ट बदलताना रीतसर चार्ज द्यावा लागतो. ‘कड्याखाली ओल, पाइप कोरडा, पातेलं पाव भरलं’ असं उभं राहून सांगायचं. नुसतं ‘गळतंय’ म्हटलं की बाबा भुवई वर करतात. चिमणी या बाबतीत इतकी कडक झाली आहे की परवा तिने स्वतःच्या बापाचा चार्ज घ्यायला नकार दिला, कारण त्यांनी टॉर्च पुसून दिला नव्हता. आणि हे सगळं चाललेलं असताना भांडी कुठे घासायची? बाथरूममध्ये. सिंकमध्ये पाणी सोडायचं ते फक्त निरीक्षणासाठी.

मग चौकशी बसली. गिरणीत कुणी, काय, कधी घातलं? एकेकाला बोलावून विचारलं. मी नारळाच्या शेंड्या घातल्याचं कबूल केलं. (एकदाच, तेही चुकून, आणि त्यावर माझी इतकी शोभा झाली की विचारू नका.) चिमणीने केसांची एक पिन कबूल केली. तुमचे बंधू मात्र मी नाही त्यातला म्हणत शेवटपर्यंत साळसूदपणे बसले आणि दुसऱ्या दिवशी गिरणीच्या पोटातून त्यांच्याच शर्टाचं बटण निघालं. शर्टाचं बटण सिंकमध्ये कसं जातं, याचा खुलासा अजून झालेला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाला नारळ दिला असता. पण पाणी नेमकं कुठून बाहेर येतं ते स्पष्ट दिसावं म्हणून बाबांनी चिमणीची निळी शाई सिंकमध्ये ओतली. दिसलं! फरशीवर दिसलं, कपाटात दिसलं, टॉवेलांवर दिसलं, बाबांच्या दोन्ही कानांवर दिसलं. एक तेवढी गळतीची जागा सोडली तर सगळीकडे दिसलं. माझी बोटं चार दिवस निळी होती. तुम्हाला माहीत आहे, चष्म्याच्या दुकानात माझं काम लोकांच्या नाकावर चष्मा बसवायचं आहे. एक प्रतिष्ठित गृहस्थ नाकाच्या दोन्ही बाजूंना माझी बोटं उमटवून घेऊन एका लग्नाला गेले. मालकांनी मला आत बोलावून फार हळू आवाजात समज दिली, आणि हळू आवाजातली समज जास्त लागते.

बाबांना विचारलं की आता संशय कुणावर आहे, तर म्हणतात, सिंकच्या भोकाला गिरणी जिथे टांगलीये त्या वरच्या कड्यावर आहे, पण नुसत्या संशयावरून कुणाला फासावर द्यायचं नसतं. वन्सं, मला फासावर द्या, पण ही गिरणी सोडवा! मी आता स्पष्टच लिहिते. तुम्ही लेक आहात, तुमचाही हक्क आहे. येऊन बाबांना महिनाभर तिकडे घेऊन जा. ते तिकडे पोचले की मी इकडे तासाभरात नवी गिरणी बसवून घेईन आणि जुनीला हार घालून निरोप देईन. त्यांना म्हणावं, तुमची आठवण येते. मला माझ्या ओट्याची येते.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि ज्यांच्या घरात काही गळत नसेल त्यांना माझा हेवा.

तुमची,
भावजय

ता. क. – पत्र टाकायचं राहिलं, तोवर एक घडलं. काल बाबा चिमणीला घेऊन केस कापायला गेले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाबांच्या हत्यारांना हात लावायची मुभा नाही, म्हणून ब्रेडवर लोणी लावायची सुरी घेतली, खाली शिरले आणि त्या वरच्या कड्याचे तिन्ही स्क्रू जिवाच्या आकांताने पिळले. पाणी सोडलं. थेंब नाही! मी त्या कपाटातच बसून हसले. आता तुम्ही यायची घाई करू नका.

पुन्हा ता. क. – बाबा आले, टॉर्च घेऊन खाली गेले, बराच वेळ आत होते. बाहेर आले ते एवढंच म्हणाले, “थांबली.” टॉर्च पुसून फडताळात ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले. जेवायला हाक मारली तर ‘हं’. चिमणी चार्ज द्यायला समोर जाऊन उभी राहिली, तर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत बाहेर बघत बसले. तुमचे बंधू बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. वन्सं, मला ते बघवेना. आज सकाळी भाजी चिरता चिरता मी तीच सुरी घेऊन खाली गेले आणि एक स्क्रू ढिला करून आले. आता पुन्हा पातेलं लागलंय, बाबा पोटावर आडवे आहेत आणि मला ओट्यावर चहा ठेवायलाही जागा नाही. तेव्हा बाबांना जरूर न्या, पण विश्रांतीला म्हणून नेऊ नका. ते पोचायच्या आधी तुमच्याकडे काहीतरी गळत असेल एवढं बघा. गळत नसेल तर गळवा. सगळा भार मी एकटीनेच का वाहायचा?

आणखी एकच – आत्ता बाबांनी सिंकखालून हाक मारली. मी वाकून बघितलं तर म्हणाले, “सूनबाई, स्क्रूला लोणी लागलंय.” मग टॉर्च माझ्या तोंडावर मारून फार गंभीरपणे म्हणाले, “पुढच्या वेळी डावीकडचा ढिला कर. उजव्या बाजूला माझा हात पोचत नाही.” तेव्हा वन्सं, तुमच्याकडेही डावीकडचाच करा.