वरुडातला टुंड्रा

११ एप्रिल
टुंड्रा! काय शब्द आहे! सकाळपासून तोंडातून जात नाही. पेटीत संत्री भरता भरता दहादा म्हणून पाहिला. शेजारची मैना म्हणे, "कोणाले शिव्या देऊन राहिली वं शकुन?"
आठवीच्या पुस्तकातला आहे. मुक्त विद्यालयाची परीक्षा २ मेला. लेकीनं, आचलनं, कॉलेजच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण – चौथी' लिहिलं, तेव्हापासून ती चौथी मला टोचते. यंदा खोडायचीच!

१२ एप्रिल
टुंड्राचा अर्थ यांना विचारला. नवरा मॅट्रिक पास, मग दुसऱ्या कोणाला विचारू? "झाडं तोडली का झाला टुंड्रा. सोपं तर हाय!" पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

१५ एप्रिल
फजिती! शिकवणीत नीलम मॅडम म्हणाल्या, वाक्यात वापरा. मी ठसक्यात सांगितलं – शेजारच्या वामनरावांनी बाग तोडली, वावराचा पार टुंड्रा झाला! मॅडम हसून हसून खालीच बसल्या.
"शकुनताई, तिथं झाडं कोणी तोडत नाही, येतच नाहीत. ध्रुवाजवळचं मैदान ते. उन्हाळ्यात वरची माती तेवढी सुटते, खालची बारमाही गोठलेली. मुळं जातील कुठं?"
मुळं म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला! आमच्या खालच्या वावरात हातभर मातीखाली चुनखडी. संत्र्याचं मूळ उतरतच नाही, तिसऱ्या वर्षी झाड पिवळं. तिथं चुनखडीच्या जागी बर्फ, एवढंच! "हेच पेपरात लिहा," मॅडम म्हणाल्या. उन्हाळ्यात तिथं इवली इवली फुलंही येतात म्हणे. किती बरं वाटलं ऐकून!
घरी यांना म्हटलं, तुमचं चुकलं. चहा तसाच ठेवून गोठ्यात गेले. मॅट्रिकवाल्यांना राग आला वाटतं.

२ मे
आला! टुंड्रा आला! बाहेर चव्वेचाळीस डिग्री, घाम पुसत पुसत पानभर बर्फ लिहिला.

६ जून
पास!! भूगोलात सगळ्यात जास्त! आचलनं गळ्यातच उडी घेतली. हे पेढे घेऊन गल्लीभर फिरले – "माही बायको आठवी पास झाली!"

७ जून
सकाळी हे चुलीपाशी येऊन बसले. मग हळूच – "मी सातवीतूनच सुटलो वं. मॅट्रिक लग्नासाठी सांगितली होती. माहा बी फॉर्म भरून देतं का?"
एकवीस वर्षं! हसून हसून पोट दुखलं माझं. दुपारीच फॉर्म आणला.