कडी लावणारा हात

आबा,

तुमच्या डोक्यावर तारांची टोपी घालून तुम्हाला बसवलं होतं, त्या दिवसाबद्दल मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता कोल्हापुरात एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. माणसांना एमआरआयच्या बोगद्यात सरकवायचं, हलू नका म्हणायचं, आणि काचेमागं बसून त्यांच्या मेंदूची चित्रं काढायची, हे माझं काम. तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढे धंदे पडलेत आणि हाच सापडला व्हय तुला. बरोबर आहे तुमचं. पण माणसाचा मेंदू वाचणारं यंत्र मला आतून बघायचं होतं.

इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या शेडवर तुम्ही वीसेक वर्षं वॉचमन होता. सुट्टीत मी डबा घेऊन यायचे. पाळी सुटून माग थांबले की कान सुन्न व्हायचे. मग तुम्ही दार ओढायचात, बाहेरून कडी लावायचात आणि तोच हात कपाळाला टेकवायचात. माझ्यावर ओरडत असलात तरी हे चुकायचं नाही. एकदा अर्ध्या रस्त्यातून मला घेऊन परत गेलात, कडी लावली की नाही ते बघायला. लावलेली होती. लावल्याचं तुम्हाला आठवत मात्र नव्हतं. मी घरी येईपर्यंत तुम्हाला चिडवत होते.

मग एका सुट्टीच्या दुपारी, माग बंद असताना, शेडला आग लागली. उत्तरेकडून आलेला एक तरुण विणकर गारव्याला म्हणून आत जाऊन झोपला होता, आणि दाराला बाहेरून कडी होती. तो वाचला नाही. मालक म्हणाले, कडी वॉचमननंच लावली, आत कोण आहे ते न बघता. तुम्ही म्हणालात, मी चहाच्या गाड्यावर होतो, दाराकडं गेलोच नाही. चौकीत तेच सांगितलंत. त्या पोराचा बाप गावाहून आला, त्याच्यासमोर हात जोडून तेच सांगितलंत. भावकीतली थोरली माणसं म्हणाली, बेलभंडारा उचलून शपथ घे आणि विषय संपव. तुम्ही नकार दिलात. खरी शपथसुद्धा लेकराच्या डोक्यावर बसते अशी तुमची समजूत, आणि तुम्हाला लेकरू मी एकटीच. लोकांनी त्या नकाराचा अर्थ आपापल्या सोयीनं लावला. आपल्याकडं चहाला येणारी माणसं यायची बंद झाली.

खटला उभा राहिला आणि आपल्या वकिलांनी मेंदूच्या तपासणीचं सुचवलं, तेव्हा तुम्ही लगेच हो म्हणालात. त्यात माझ्या डोक्यावर काही बसणार नव्हतं ना. ती तारांची टोपी घालून डोळे मिटून गप्प बसायचं, एक बाई वाक्यं ऐकवणार: मी दार ओढलं, मी कडी लावली. ती गोष्ट तुमच्या मेंदूनं अनुभवली आहे की नाही ते मशीन सांगणार. अहवाल आला, अनुभव आहे. असणारच की, आबा. वीस वर्षं रोज त्याच हातानं ती कडी लावली होती. कुठल्या दिवसाची कडी मेंदूला आठवली, हे त्या खोलीत कुणी विचारलंच नाही.

कोर्टानं तो अहवाल पुरावा म्हणून धरला नाही आणि तुम्ही सुटलात. त्या दिवशी आई भाकऱ्या थापत होती, मी ताट वाढत होते. तुम्ही पाटावर बसलात, पण ताटाला हात लावेनात.

"पोलिसानं इचारलं, मालकानं इचारलं, मी न्हाईच म्हणालो. आता माझंच डोस्कं म्हणतंय लावली, तर मी कुणाला सांगू?"

आई म्हणाली, "अवो, मशीन हाय ते. त्याला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी आपल्या घराच्या दाराची कडी तुम्ही काढून टाकलीत, आतली आणि बाहेरची, दोन्ही. पुढं तुम्ही असेपर्यंत आपलं दार नुसतं लोटलेलं असायचं आणि कुत्री आत येऊ नयेत म्हणून आई त्याला पाण्याची घागर टेकवायची. त्या पोराला आपण मारलं असं धरूनच तुम्ही गेलात. याचं दुःख तुमच्या मरणापेक्षा मोठं आहे, आबा, आणि ते कमी होत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या सेंटरवर एक डॉक्टर आले. माणूस खोटं बोलताना मेंदूचा कुठला भाग जास्त काम करतो, याचा त्यांचा अभ्यास चालू आहे. त्यांना माणसं हवी होती, मी तयार झाले. काही प्रश्नांना खरं उत्तर द्यायचं, काहींना ठरवून खोटं. सकाळी चहा घेतला का, असलेच प्रश्न. शिवाय प्रत्येकानं आपला एक प्रश्न द्यायचा, ज्याचं उत्तर त्याला पक्कं माहीत आहे. मी दिला: वडिलांनी त्या दुपारी कडी लावली होती का? खरं उत्तर, नाही. बोगद्यात पडल्या पडल्या प्रश्न समोर आला आणि मी ठामपणे नाहीचं बटण दाबलं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी चित्रं दाखवली. सगळं जमलं होतं, एवढं एक उत्तर सोडून. ते यंत्रानं खोट्यांत टाकलं होतं, मेंदूच्या त्या भागावर लाल ठिपका होता. डॉक्टर हसून म्हणाले, इथं काहीतरी गडबड आहे तुमची. गडबड कसली ते मला कळत होतं. माणूस काही आवरून धरत असला, रडू आवरत असला, तरी तोच भाग काम करतो. आत मी तेच करत होते, आणि यंत्राला यातला फरक कळत नाही हे मी नव्या मुलांना शिकवते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आईलाही वाचून दाखवायचं नाही. कारण एक गोष्ट तिला सांगता येणार नाही. हे सगळं माहीत असूनसुद्धा, पडद्यावरचा तो लाल ठिपका बघताना क्षणभर मला वाटलं, आबांनीच लावली असणार.