मोत्याचं वय

माघ शुद्ध ६, शके १६९८

मोत्या आला!

दुपारी एक गोसावी दारात उभा राहिला. हातात दोरी, दोरीला कुत्रं. अंग काळं, डावा कान तेवढा पांढरा. "माई, हे तुमच्या घरचं कुत्रं. सांभाळा," म्हणाला. तुंगभद्रेकडून आलाय म्हणे. भिक्षाही मागितली नाही.

बारा वर्षांपूर्वी यजमान कर्नाटकच्या स्वारीवर गेले, तेव्हा असाच पांढऱ्या कानाचा मोत्या घोड्यामागून धावत गेला होता. पुढे तुंगभद्रेपाशी फौजेची पांगापांग झाली. धन्याचाही पत्ता नाही, मोत्याचाही नाही.

गोसाव्याला आणखी विचारणार, तोच भाऊजी बाहेर आले. "उद्या या, बुवा." सध्या शहरात लढाईतून परत आलो म्हणणाऱ्या तोतयाचंच बोलणं चाललंय. दीर कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. त्यांचंही काय चुकलं?

माघ शुद्ध ७

भाऊजी पागेच्या दफ्तरात आहेत, घोड्याचं वय दातांवरून सांगतात. मी म्हटलं, "कुत्र्याचंही बघा की." बायडाबाई, आमची कामवाली, मध्येच म्हणाली, "म्हातारं हाय त्ये, वयनीबाई. थुतरीवरचं क्यास पांढरं झाल्यात, बघा." मला किती बरं वाटलं! मोत्या आज चौदा वर्षांचा असता.

भाऊजींनी जबडा उघडला. मग मलाच जवळ बोलावलं.

पुढचे दात पांढरेशुभ्र. प्रत्येकाला तीन बारीक पाकळ्या, जाईच्या कळीसारख्या. म्हाताऱ्याचे झिजून सपाट होतात, ते मलाही कळतं. तोंडावर पांढरं होतं ती नुसती धूळ. ओल्या फडक्याने निघाली.

"दोन वर्षांचा. फार तर," भाऊजी म्हणाले. "वहिनी, बारा वर्षांपूर्वी याच्या आजोबांचाही जन्म झाला नसेल."

तेवढ्यात गोसावी आला. भाऊजी ओट्यावरूनच ओरडले, "काय हो बुवा, दोन वर्षांचं कुत्रं आणि बारा वर्षांची ओळख? पुढच्या खेपेला धनीच घेऊन या, तोही विशीतला!" तो काहीतरी सांगू पाहत होता. हात जोडून उभा होता. मी खिडकीतून बघत होते.

गेला.

माघ शुद्ध १०

कुत्रं ठेवून घेतलं. हाकलवेना. अंगणात बांधलंय, मोत्या म्हणत नाही.

त्याची एक गंमत आहे. भाकरी पुढे ठेवली की खात नाही, तोंडाकडे बघत बसतं. पुष्कळ वेळाने, भूक अनावर झाली की कशीबशी गिळतं. बायडाबाई म्हणते, "लई मिजास!" भाऊजी म्हणाले, "पंगतीतलं दिसतंय. आग्रह करा."

मी हसले. किती दिवसांनी.

माघ वद्य १

भाऊजी आज शेजारी येऊन बसले. आवाज अगदी हळू. "बारा वर्षं पुरी झाली. शास्त्री म्हणतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावं. नाहीतर दादाला गती नाही. पण तुमचा होकार असेल तरच, वहिनी."

कुत्रं आलं नसतं तर मी नाही म्हटलं असतं. विषय निघाला की नाहीच म्हणत आले. पण मोत्या आला असं वाटून एक रात्र आशा फुलली आणि दुसऱ्या दिवशी त्या कोवळ्या दातांनी ती तोडली. पुन्हा तसं सोसणार नाही. आणि ते खरंच तिष्ठत असतील तर? माझ्या कुंकवासाठी त्यांना अडकवून ठेवू?

हो म्हटलं.

माघ वद्य ५

ओंकारेश्वरापाशी नदीकाठी झालं. पानं ओली होती, लवकर पेटेनात.

बांगड्या फोडल्या.

माघ वद्य १४

न्हावी येऊन गेला. डोक्याला वारा लागतो. बायडाबाई दाराआड रडत होती, आणि मला तिचंच वाईट वाटत होतं.

फाल्गुन शुद्ध १

आज ते फार आठवले. लढाईला निघालेले नाहीत, जेवणारे. आधी आपल्या पानाभोवती पाणी फिरवायचे, मग अंगणात जाऊन मोत्याच्या भाकरीभोवतीही. सासूबाई संतापायच्या, "कुत्र्याला कसला आचार!" ते म्हणायचे, "आपल्या घरचा आहे तो. पाणी फिरवल्याशिवाय घास घेणार नाही." आणि खरंच घ्यायचा नाही मोत्या! शिकवलंच होतं तसं. दुसऱ्या कुणाच्या घरी असलं वेड मी पाहिलं नाही.

लिहिता लिहिता थांबले. हे कुत्रं भाकरीपुढे बसून काय बघतं?

छे. उद्या.

फाल्गुन शुद्ध २

भाकरी ठेवली. ते बसलं, तोंडाकडे बघत. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि भाकरीभोवती फिरवलं.

धार पुरी व्हायच्या आत त्याने तोंड घातलं. शेपटी हलवत, घाईघाईने, घरी आल्यासारखं.

बायडाबाईला घाटावर धाडलं. गोसावी केव्हाच गेलाय, कुठे ते कुणाला ठाऊक नाही.

भाऊजींनी दात बरोबर ओळखले होते. दोन वर्षांचं आहे. फार तर.