प्लगचा रंग

इंदापूर, २६ नोव्हेंबर २०२४

चि. सुप्रिया हिस आज्जीचा आशीर्वाद. वि. वि.

फोनवर ‘बघते’ म्हणतीस अन् मोकळी होतीस, म्हणून यष्टीतल्या कंडक्टरच्या हाती स्कूटरचा प्लगच धाडलाय.

तुझ्या बापाच्या, माझ्या संभाच्या, स्कूटरला जादा दोन चाकं लागली, वजन वाढलं, म्हणून तू सिलिंडर मोठा केलास, कार्बोरेटरही मोठा बसवलास. काल कालव्याच्या चढाला इंजन धरलं, गाडी जागीच अडकली. मागं उसाचा ट्रॅक्टर. संभाच्या पायात जोर न्हाय, उतरणार कसा? ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून आज तो घरात हाय.

सोमवारी बारामतीत नोकरीवर हजर व्हायचंय. अपघातानंतर पहिल्यांदाच, अन् एकटाच जाणार म्हणतो. यष्टीचं नाव काढलं की ताट सारतो. प्लग पांढराफटक पडलाय. शिकलीस ना, आता सांग.

प्रयागबाई

बारामती, २८ नोव्हेंबर

ती. आज्जीस सुप्रियाचा शि. सा. न.

चूक माझी. कार्बोरेटर मोठा घेतला, पण आतला जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते भोक, जुन्याच मापाचा राहिला. पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं. दोन जेट पाठवतेय. रामहरी मिस्त्रींना आधी मोठ्या भोकाचा १०८ नंबर बसवायला सांग. प्लग काळा झाला तर पेट्रोल जास्त होतंय, मग १०२. भाजलेल्या भाकरीचा रंग आला की जमलं. तुझ्या लेकाला, आबांना, जेटमध्ये स्टोव्हची पिन घालू देऊ नकोस, भोक वाढतं.

तरी सोमवारी त्यांना यष्टीनंच पाठव. तुझं ऐकतात.

तुझी सुप्रिया

इंदापूर, २ डिसेंबर, सकाळ

चि. सुप्रिया हिस आशीर्वाद.

माझं ऐकताना त्याला कधी पाह्यलंस? स्कूटरवरच निघालाय. पिन मी डाळीच्या डब्यात दडवली. १०८ नं प्लग तव्याच्या बुडावानी काळा. १०२ नं अगदी भाकरीवानी. संभा शीळ घालत हिंडला. पण रामहरीनं गाडी पळवली ती सपाट रस्त्यावर, अन् रामहरी म्हंजे नुसता काटकुळा, संभाच्या निम्मा. म्हणून संभा अंघोळीला गेल्यावर मी परत १०८ घालायला लावला. धूर सोडंल, रडत चालंल, पण चढाला धरणार न्हाय. गाडी सुस्त केली म्हणून तो तुलाच बोलंल. ऐकून घे, माझं नाव सांगू नको.

पाकीट डकवून त्याच्याच खिशात घातलंय. तू वाचतीस म्हंजे पोचला. आधी प्लग काढून बघ, मग त्याला चहा दे. १०२ पाकिटातच हाय. काळाच असला तर तुझ्या हातानं घाल, अन् तिथला चढ त्याला बसवून चढवून बघ.

लोभ हाय तेवढा पुरं. तो परत निघाला की फोन कर. तवा पत्र लिहीत बसू नको.

प्रयागबाई